हिवाळ्यात धक्क्यावरून गरवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली की कोकणातल्या जेट्ट्यांवर संध्याकाळी गरवायला, म्हणजे गरी (गळ) टाकून मासे धरायला, माणसं दिसायला लागतात. कुणाकडे रॉड, कुणाकडे नुसता पाटीला गुंडाळलेला दोर. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा किनारा डोळ्यांसमोर आहे. गोव्यात माशांची नावं बदलतील, पाणी तेच आहे.

1. थंडीत धक्क्यावर मासा लागतो का, की उगाच वेळ घालवणं?

लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा धक्क्यावरून गरवायचा सगळ्यात सोयीचा काळ आहे. पावसाळ्यातला गढूळपणा बसलेला असतो, लाट कमी असते आणि धक्क्यावर उभं राहता येतं. मिळतं ते साधारण असं: खाडीच्या तोंडाशी शिंगाळा, करकरा, तांबोशी, बोय. वाळूच्या तळावर मुडदुशी. वरच्या पाण्यात टोळ, आणि नशीब असेल तर आत शिरलेला बांगड्याचा थवा. रावस येतो, पण रोज येत नाही. जिताड्याचं गणित वेगळं आहे (प्रश्न 13).

2. सुरुवातीला काय काय घ्यावं?

आधी हातदोर घ्या. 0.50 मिलिमीटरचं पन्नास-साठ मीटर तंगूस (नायलॉनचा एकपदरी दोर), एक लाकडी पाटी किंवा रिकामी प्लॅस्टिकची बाटली गुंडाळायला, 40 ते 60 ग्रॅमची शिशाची वजनं, 1/0 आणि 4 नंबरच्या गऱ्या, थोडी स्विव्हल (दोराला पीळ पडू न देणारी फिरती कडी). धक्क्याच्या खांबाजवळ सरळ खाली सोडायला याहून चांगलं साधन नाही. माशाची चिमट बोटाला थेट कळते.

लांब फेकायचं असेल तरच रॉड. नऊ ते दहा फुटी, 30 ते 80 ग्रॅम फेकणारा, त्यावर 4000 किंवा 5000 मापाचं स्पिनिंग रील आणि 20 ते 30 पौंडी ब्रेड (विणलेला दोर). बारा-तेरा फुटी सर्फ रॉड धक्क्यावर अडचणच करतो. मागे माणसं, मोटारसायकली, वर विजेच्या तारा. फेकण्याआधी मागे बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

पक्कड, धारदार सुरी, कपाळावर बांधायची बॅटरी आणि जुना जाड टॉवेल हे चार जिन्नस लोक विसरतात. टॉवेल मासा धरायला.

3. भरतीची वेळ मोबाइल न बघता कशी काढायची?

तिथीची पाऊणपट. जुन्या दर्यावर्दींचा हिशेब आहे आणि अजूनही चालतो. शुद्ध असो वा वद्य, तिथीच्या आकड्याला तीनाने गुणा, चाराने भागा. पंचमी असेल तर 5 × 3 ÷ 4 = पावणेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, येतात सव्वाअकरा. त्यानंतर सव्वासहा तासांच्या आसपास पूर्ण सुकती (ओहोटी). रोज भरती पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते.

अर्धा-पाऊण तासाची चूक धरून चाला. हा हिशेब मुंबई-अलिबागच्या बाजूला जास्त जुळतो. मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती आधी येते, आणि खाडीत आत गेलात तर तोंडापेक्षा उशिरा. पहिल्या दोन खेपांना धक्क्याच्या पायरीवरची पाण्याची खूण आणि घड्याळ जुळवून बघा. मग आपल्या धक्क्याचा फरक कायमचा कळतो.

4. मग नेमकं कधी जावं? उधाणाला की भांगाला?

जेट्टीवर मासा मिळणं न मिळणं सामानापेक्षा या प्रश्नाच्या उत्तरावर जास्त ठरतं.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला उत्तर कोकणात पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, दक्षिणेला दोन मीटरच्या आसपास. अलिबाग-मुंबईकडे या दिवशी ओढ इतकी असते की 80 ग्रॅमचं शिसंही तळावर ठरत नाही आणि पाणी गढूळ होतं. उलट अष्टमीच्या भांगाला पाणी जेमतेम हलतं, मासा सुस्त. चांगले दिवस या दोहोंच्या मधले.

आता त्यात संध्याकाळ मिसळा. हिवाळ्यात सव्वासहाच्या सुमारास सूर्य बुडतो. त्या वेळी चढतं पाणी हवं असेल तर पूर्ण भरती साडेसात ते नऊच्या दरम्यान पाहिजे. पाऊणपटीने बघा: दशमी, एकादशी, द्वादशी. महिन्यातून दोनदा असे तीन-तीन दिवस येतात. ऐन एकादशीला मासा हमखास लागतो आणि बऱ्याच घरांत तो त्या दिवशी शिजत नाही, त्याला इलाज नाही. बर्फाची सोय ठेवा (प्रश्न 17).

पहाटे जाणाऱ्यांनी हाच हिशेब सूर्योदयाला लावावा. त्याच तिथ्यांना सकाळीही साडेसात ते नऊला भरती असते. दक्षिण कोकणात उधाणही चालतं, कारण तिथे ओढ आवरता येते. भरतीच्या सुरुवातीचे दोन तास आणि ओहोटीचा पहिला तास हे हमखास. पाणी थांबलं की डबा उघडा, जेवून घ्या.

5. सकाळी फेक छान जाते, दुपारी दोर आडवा होतो. काय चुकतं?

काही नाही, वारा फिरतो. थंडीत रात्रभर आणि सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहतो. पश्चिमेला तोंड केलेल्या धक्क्यावर तो पाठीवर असतो, त्यामुळे फेक लांब जाते आणि पाणी सपाट राहतं. अकरा-बाराच्या सुमारास खारा वारा सुरू होतो, बहुतेक वेळा वायव्येकडून, आणि थेट तोंडावर येतो. दोराला पोट येतं, शिसं सरकतं, चिमट कळत नाही.

दुपारी बसायचंच असेल तर रॉडचं टोक पाण्याकडे खाली झुकवा, दोर पातळ वापरा, किंवा धक्क्याच्या दक्षिण बाजूला जाऊन खांबाजवळ सरळ खाली सोडा.

6. एवढ्या लांब जेट्टीवर बसायचं कुठे? टोकालाच जावं का?

टोकाला जायची घाई सगळ्यांना असते. मासा मात्र बऱ्याचदा तुमच्या पायाखाली असतो. खांबांना कालवं, शिंपले, शेवाळ चिकटलेलं असतं. त्यावर लहान खेकडे आणि कोळंबी, त्यांच्यामागे करकरा आणि तांबोशी. वाहत्या पाण्यात खांबाच्या मागे, म्हणजे ओढीच्या आड, पाणी शांत असतं. मासा तिथे थांबतो आणि वाहून येणारं खाणं उचलतो. तुमचं आमिष त्या शांत पट्ट्याच्या कडेला पडायला हवं.

ओहोटीच्या वेळी एकदा नुसतं बघायला जा. चिखल कुठे उघडा पडतो, खडक कुठे आहेत, मोडकी जाळी कुठे अडकली आहेत, बोटी लागण्यासाठी गाळ काढलेला खोल पट्टा कुठून जातो, सगळं दिसतं. त्या खोल पट्ट्याची कड ही शिंगाळ्याची वाट. रात्री दिवा असलेल्या धक्क्यावर उजेड आणि अंधाराची सीमारेषा बघा. बारीक मासळी उजेडात, तिला खाणारा अंधारात.

7. गरी आणि शिसं कसं बांधायचं?

दोन प्रकार आले की पुरे.

चिखल किंवा वाळूचा तळ असेल तर सरकतं शिसं. मुख्य दोरात भोकाचं 40 ते 60 ग्रॅमचं शिसं ओवा, त्यापुढे एक मणी, मग स्विव्हल. स्विव्हलच्या दुसऱ्या कडीला 0.60 मिलिमीटरचं दोन फूट तंगूस आणि त्याला 1/0 ते 3/0 गरी. मासा आमिष उचलतो तेव्हा त्याला शिशाचं वजन लागत नाही. मणी नसेल तर शिसं गाठीवर आपटून गाठ कापतं.

खडकाळ तळावर किंवा खांबाजवळ शिसं सगळ्यात खाली आणि गरी त्याच्या एक-दीड फूट वर, आखूड फांदीवर. शिसं बांधायला मुद्दाम कच्चं तंगूस घ्या, 0.25 किंवा 0.30 चं. अडकलं तर तेवढंच तुटतं, गरी आणि मासा परत येतो.

गाठ: तंगूस कडीतून घाला, स्वतःभोवती सहा वेढे, टोक कडीजवळच्या फासातून परत, मग थुंकीने ओलं करून सावकाश आवळा. कोरडी गाठ आवळली तर तंगूस तापून तिथेच कमजोर होतं. ब्रेडला ही गाठ घसरते, त्याला दुहेरी दोराची पालोमार गाठ मारा.

8. कुठल्या माशाला कुठलं आमिष?

जिवंत कोळंबी जवळजवळ सगळ्यांना चालते. ती मिळाली तर पुढचं वाचायची गरज नाही.

नसेल तर: करकऱ्याला सोललेली कोळंबी किंवा लहान कुर्ली. तांबोशीला तारलीचा किंवा बोयचा तुकडा, पण ताजा. शिंगाळ्याला तारली, बांगड्याचं आतडं, काहीही वासाचं. रावसाला जिवंत कोळंबी किंवा बोटाएवढी बोय, तळापासून वर. मुडदुशीला 8-10 नंबरची बारीक गरी आणि त्यावर नखाएवढा कोळंबीचा तुकडा. टोळाला तरंग्याखाली दोन-तीन फुटांवर माशाच्या पोटाची पांढरी पातळ पट्टी. माकूल सगळ्यांत चिवट, गरीवर टिकते, म्हणून खेकड्यांचा त्रास असेल तिथे तीच लावा.

बोय हा वेगळा मासा. तिला मांस नको. पावाचा लगदा किंवा कणकेचा वाटाण्याएवढा गोळा, 10-12 नंबरची गरी, हलका तरंगा. आधी पावाचा चुरा टाकून ती वर आणावी लागते.

बांगड्याचा थवा आला तर आमिष विसरा. पाच-सहा बारीक गऱ्यांची पिसांची माळ खाली शिसं लावून सोडा आणि वर-खाली हलवा.

9. कोळंबी तासाभरात मरते. जिवंत कशी ठेवायची?

बादलीत गर्दी आणि ऊन ही दोन कारणं. दहा लिटरच्या बादलीत वीस-पंचवीसपेक्षा जास्त ठेवू नका, सावलीत ठेवा, अर्ध्या तासाने निम्मं पाणी बदला. पाणी त्याच धक्क्याचं हवं. खाडीच्या आतून आणलेली कोळंबी एकदम पूर्ण खाऱ्या पाण्यात टाकली तर मरते. बॅटरीवरचा छोटा हवेचा पंप असेल तर उत्तम.

दुसरा मार्ग जुना आहे: समुद्राच्या पाण्यात भिजवून पिळलेलं गोणपाट, त्यात कोळंबीचा एक थर, वर पुन्हा ओलं गोणपाट. थंडीच्या सकाळी अशी ती दोन-तीन तास जगते. गोड्या पाण्याचा थेंब लागू देऊ नका.

गरी डोक्यावरच्या काट्याच्या मुळाशी, आत दिसणाऱ्या काळ्या ठिपक्याच्या पुढून आडवी काढा. ठिपक्यात टोचली की कोळंबी संपली.

10. आमिष साफ होतं, पण मासा लागत नाही. का?

दोर वर घेऊन गरीकडे नीट बघा. आमिष कुरतडून दोऱ्यासारखे धागे उरले असतील तर खेकडा. मग आमिष तळापासून फूटभर वर ठेवा (प्रश्न 7 मधला दुसरा प्रकार). कात्रीने कापल्यासारखा तुकडा गेला असेल, किंवा गरीजवळ तंगूसच तुटलं असेल, तर केंड (फुगणारा विषारी मासा). तिथून उठा, दुसरी जागा बघा. आमिष नुसतं ओढून नेलं असेल तर मासा लहान आहे, गरी दोन नंबर बारीक करा.

आणि गरीचं टोक नखावर ओढून बघा. घसरलं तर बोथट, रुतलं तर ठीक. निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

11. दर तिसऱ्या फेकीला गरी अडकते. शिशावर किती पैसे घालवायचे?

घालवू नका. जुने स्पार्क प्लग, गंजलेले नटबोल्ट गॅरेजमध्ये मागितले तर मिळतात. कच्च्या तंगूसाने बांधा. अडकल्यावर रॉड वाकवून झटके देऊ नका, रॉड मोडतो. रॉड सरळ दोराच्या रेषेत धरा, हाताला टॉवेल गुंडाळा आणि मागे चालत जा. ब्रेड उघड्या हाताला गुंडाळली तर बोट कापतं.

तुटलेला दोर दिसला तर गोळा करून घरी आणा. धक्क्यावरचे बगळे आणि कुत्री त्यातच अडकतात.

12. मासा लागला, पण धक्का उंच आहे. वर कसा घ्यायचा?

सुकतीला पाणी तीन-चार मीटर खाली असतं. किलोभराचा मासा दोराने उचलता येतो. दोन किलोच्या वरचा उचलायला गेलात तर ओठ फाटतो किंवा रॉडचं टोक मोडतं. दोन-सव्वादोन फूट व्यासाच्या लोखंडी कडीला जाळी आणि तीन बाजूंनी दोर बांधून ठेवा. मासा दमला की जाळी त्याच्या खाली सोडा, मासा वर आणा, मग जाळी सरळ ओढा. एकट्याने हे जमत नाही, शेजाऱ्याला आधीच सांगून ठेवा. जाळी नसेल तर मासा चालवत पायऱ्यांपर्यंत न्या. खालच्या पायरीवर मात्र उतरू नका (प्रश्न 18).

रीलचा ड्रॅग (किती ताणाला दोर सुटेल ते ठरवणारा ब्रेक) दोराच्या ताकदीच्या पाव हिश्श्यावर लावा. दहा किलोचा दोर असेल तर हुकाचा वजनकाटा अडकवून ओढा, अडीच किलोला दोर सुटायला हवा. अंदाजाने आवळलेला ड्रॅग जवळजवळ नेहमीच जास्त घट्ट असतो.

13. पावसाळ्यानंतर जिताडा मिळत होता, डिसेंबरमध्ये गायब. गेला कुठे?

गेला नाही, मंदावला. जिताडा (दक्षिणेकडे खजुरा, गोव्यात चोणक) उबदार पाण्याचा मासा आहे. पाणी गार झालं की त्याचं खाणं आणि धावणं कमी होतं. पहाटे त्याच्यामागे लागण्यात अर्थ नाही. उन्हाने उथळ पाणी तापल्यावर, दुपारी तीननंतरच्या भरतीला, खांबाच्या अगदी जवळ जिवंत बोय किंवा कोळंबी सोडा. ल्यूर (नकली आमिष) वापरत असाल तर निम्म्या वेगाने ओढा. फेब्रुवारीअखेर पाणी तापायला लागलं की तो पुन्हा दिसतो.

14. रात्री पाणी निळं चमकतं, तेव्हा मासा का लागत नाही?

नॉक्टिल्युका नावाचा सूक्ष्म जीव थंडीत अरबी समुद्रात वाढतो आणि हलवला की चमकतो. तुमचा दोर पाण्यात थरथरला तरी उजेडाची रेघ उमटते. मासा बिचकतो. अशा रात्री पातळ तंगूस घ्या, आमिष टाकल्यावर हलवू नका, शिसं जड ठेवून दोर स्थिर करा. पाणी दिवसाही हिरवट आणि दाट दिसत असेल तर दुसरा धक्का गाठा.

15. शिंगाळ्याचा काटा लागला तर?

पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांवर एकेक, असे तीन दातेरी काटे, आणि त्यांत विष. काटा बाहेर दिसत असेल तर काढा, जखम धुवा आणि हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवा. 45 अंशांच्या वर नको. पाणी आधी चांगल्या हाताने तपासा, दुखऱ्या हाताला अंदाज येत नाही. अर्धा ते दीड तास ठेवा, उष्णतेने विषाचा जोर उतरतो. पाकटाच्या शेपटीचा काटा लागला तरी हाच उपाय, पण जखम छातीवर किंवा पोटावर असेल, किंवा काटा खोल रुतला असेल तर तो न काढता सरळ दवाखाना. दोन्हींत धनुर्वाताचं इंजेक्शन हवंच.

शिंगाळा सोडवताना हात लावायची गरज नाही. टॉवेलखाली दाबा, पक्कडीने काटे मोडा, मग गरी काढा.

16. केंड, समुद्रसाप किंवा कासव गरीला आलं तर काय करायचं?

केंड फुगतो, मुलांना गंमत वाटते, पण खायचा नाही. त्याचं विष शिजवून जात नाही. गरी काढताना बोट तोंडाजवळ नेऊ नका.

समुद्रसाप धक्क्यावर ओढूच नका. दोर कापा. चावला तर सुरुवातीला दुखत नाही, म्हणून लोक घरी जातात. ती चूक जीवावर बेतते. हातपाय न हलवता पट्टी बांधून, कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. आपल्याकडचं नेहमीचं सर्पविषविरोधी औषध जमिनीवरच्या चार सापांसाठी आहे, समुद्रसापावर त्याचा भरवसा नाही.

हिवाळा हा ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालायला किनाऱ्याला येण्याचा काळ आहे. वेळास, आंजर्लेकडे तर जास्तच. कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. दोराने वर उचलू नका. जाळीने घेता आलं तर गरी कापून सोडा, गरी गिळलेली असेल तर ओढू नका आणि वनविभागाला कळवा.

17. मासा घरी नेईपर्यंत नरम पडतो. थंडीतसुद्धा?

कोकणातली थंडी माणसाला गार वाटते, माशाला नाही. दुपारी तीस अंश असतातच. मासा लागताच कल्ल्याजवळ काप द्या, पाच मिनिटं समुद्राच्या पाण्यात रक्त जाऊ द्या, मग बर्फात. वजनाला वजन बर्फ, फोडलेला, खाली आणि वर दोन्हीकडे. वितळलेल्या पाण्यात मासा पोहू नये म्हणून डब्याला खाली भोक हवं.

बांगड्याच्या बाबतीत हयगय नको. तो उन्हात राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं, ते तळून-उकळून जात नाही, आणि तोंड लाल होऊन खाज सुटते.

18. आभाळ स्वच्छ, वारा नाही, तरी धक्क्यावर लाट का आदळते?

लाट लांबून आलेली असते. थंडीत आखाताकडच्या वायव्य वाऱ्यांनी उठलेले उंच तरंग दोन-तीन दिवसांनी आपल्या किनाऱ्याला पोचतात. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचे उंच लाटांचे इशारे जाण्याआधी बघा. पोचल्यावर दहा मिनिटं नुसतं उभं राहा. मोठ्या लाटा झुंडीने येतात, मधला शांत काळ फसवतो. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ आणि कालवांच्या धारा असतात, पहाटे वरच्या काँक्रीटवरही दव. चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत.

19. परवाना लागतो का? कुणी हटकलं तर?

राज्याचा 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा आणि 2021 मधली त्याची दुरुस्ती मुख्यतः बोटी आणि जाळ्यांबद्दल आहे. 1 जून ते 31 जुलैची बंदीही यांत्रिक बोटींसाठी. प्रश्न येतो तो जागेचा. बरेचसे धक्के महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या अखत्यारीत आहेत, आणि प्रवासी बोट लागत असताना तिथे दोर टाकू देत नाहीत, ते योग्यच आहे. मोठ्या बंदरांत आणि नौदलाच्या हद्दीत जाऊच नका. मासळी उतरवण्याच्या धक्क्यावर लिलावाच्या वेळी बाजूला व्हा. तिथे पोट असतं, आपला छंद.

20. लहान मासा सोडायचा असेल तर किती लहान?

राज्याने 2023 मध्ये पापलेट, बोंबील, सुरमई यांसारख्या अनेक जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे, ती यादी मत्स्यव्यवसाय विभागाकडे मिळते. धक्क्यावर हात ओला करून मासा धरा, गरी खोल गेली असेल तर दोर तोंडाजवळ कापा, आणि उंचावरून फेकू नका, जाळीतून खाली सोडा. वीतभर तांबोशी आज कालवणात दोन घास देते. तीच खाडीत राहिली तर काही वर्षांनी पाच-सहा किलोंची होते.